चार बोटं लांब

गाड्यांच्या शोरूममध्ये नंबर यायची वाट बघत होतो. शेजारी नर्सच्या गणवेशातल्या एक बाई आणि त्यांचे यजमान.

“अगं, महिन्याला फक्त पावणेदोन हजार जास्त. तेवढ्यात मोठी गाडी!”

“किती वर्षं?”

“हप्ता बघ ना.”

“हप्ता बघितला. वर्षं विचारतेय.”

“सात.”

“लहान गाडीला तीन. अहो, मोठीचं नुसतं व्याजच तीन लाखांच्या वर जातंय!”

“सेल्समन म्हणाला, असा हिशेब कुणी करत नाही.”

“त्याला काय जातंय म्हणायला! मी पाच वर्षांनी रिटायर होतेय. पुढची दोन वर्षं कोण भरणार?”

“पेन्शन असेलच की तुझी.”

“वा! म्हणजे माझी पेन्शनही बुक करून टाकलीत?”

“हळू बोल, लोक बघताहेत.”

“बघू देत. पंचवीस वर्षं बसथांब्यावर उभं राहून ड्यूटी गाठली मी. मला गाडी कामावर जायला हवीय, तुमच्या दादांच्या गाडीशेजारी लावायला नाही.”

“दादा कुठून आला मध्येच?”

“काल टेप घेऊन त्यांची गाडी कोण मोजत होतं? मी गॅलरीतच होते.”

“...ही चार बोटं लांब आहे.”

“तेच म्हणते मी!”

तेवढ्यात सेल्समन किल्ली नाचवत आला.

“चला साहेब, मोठी गाडी चालवून बघा.”

“मला... मला गाडी येत नाही.”

“मग चालवणार कोण?”

“मी. आणि ही किल्ली ठेवा तुमच्याकडेच. लहान गाडीची आणा.”