खऱ्या हाताचं वजन

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातल्यावर शिंपीणबाई डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या आजोबा-नातीचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

“आबा, आता आमच्या मेडिकल कॉलेजात माणसाचं शरीर दाखवणारा टेबलाएवढा पडदा आलाय. बोट फिरवलं की कातडी बाजूला, मग स्नायू, मग हाडं.”

“आणि वास?”

“वास कसला!”

“आमच्या वेळी त्या वासानं पोरं धूम ठोकायची. तीस वर्षं शवविच्छेदनाच्या खोलीचा शिपाई होतो मी. एकेकाला दारातून परत आणायचो, पाणी पाजायचो. आज मोठमोठे डॉक्टर झालेत.”

“सगळे अजून तुमची आठवण काढतात.”

“ते राहू दे. मी देहदानाचा फॉर्म भरलाय. तुमचा पडदा आला, आता मला नको म्हणतील का गं?”

“काल पडद्यावर सगळा हात शिकले, आबा. मग शिकवणाऱ्या बाईंनी देहदानातला खरा हात उचलायला सांगितला.”

“जड लागला ना?”

“फार. बोटाला सुईचे घट्टे होते. शिवणकाम करणारं कुणीतरी असेल.”

शिंपीणबाईंचा अंगठा नकळत स्वतःच्या बोटावरून फिरला.

“पडद्यावरच्या हाताला घट्टे नसतात, आबा. तुम्हाला कुणी नको म्हणणार नाही. पण मी शिकवायला लागेपर्यंत थांबाल?”

“थांबतो की. तेव्हा पोरांना सांग, डाव्या गुडघ्याला जपून. फार दुखायचा.”

“तेव्हा कुठे दुखणार आहे?”

“म्हणून काय झालं? उचलताना जपायचंच असतं.”