यंदाचं कापड

इबादानच्या स्टँडवर ओयोची गाडी भरायची होती. मोरौंके मागच्या बाकावर बसून पुढचं बोलणं ऐकत होती. पुढे एक म्हातारा मांडीवर निळं कापड घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी कोलाच्या बियांची टोपली घेतलेली एक बाई.

"बाबा, कापड झकास आहे," टोपलीवाली म्हणाली. "लेकीच्या लग्नाचं?"

"नाही पोरी. आमच्या घरच्या एगुनगुनचं. सणाला पूर्वज झगा घालून येतो; त्या झग्यावर दरवर्षी नवं कापड चढवायचं, मगच तो गावात नाचायला निघतो. पण हे तसंच परत घरी चाललंय."

"परत? का बरं?"

"झगा विद्यापीठात आहे. थोरला भाऊ पाद्री झाला, तो जाळायला निघाला होता. तिथल्या प्रोफेसरसाहेबांनी वाचवला."

"देव त्यांचं भलं करो."

"करो बापडा. काचेच्या कपाटात ठेवलाय. म्हटलं, दार उघडा, एवढं कापड शिवून जातो. तर म्हणाले, आता नवं काही लावलं तर अस्सलपणा जाईल."

"आपली रीत ठाऊक नसेल त्यांना."

"ठाऊक नसेल? माझ्या ओसरीवर बसून, माझ्या बायकोच्या हातचं कुटलेलं कोनफळ खाऊन शिकलेत. त्या रीतीवर जाडजूड पुस्तक लिहिलंय त्यांनी!"

"अगं बाई! निदान सणापुरता तरी मागायचा."

"मागितला. फाटेल म्हणाले."

"म्हणजे यंदा तुमच्या अंगणात कुणीच येणार नाही?"

"येणार तर! साहेब येणार आहेत, कॅमेरा घेऊन. प्रथा कशी बंद पडली, ते मी सांगायचंय."