निळं होतंय, लाल होत नाही

नाही हो सारंगसाहेब, निळं होतंय — निळ्याची तक्रारच नाही. तुम्ही टेबलाखालीच राहा, तुमच्या वायरी बांधून घ्या, मी वरून बोलतो. ऐकू येतंय ना? हौ. तर बघा, ओळ निवडली, कंट्रोल-आल्ट-एन — झाली निळी. आता दुसरी ओळ, कंट्रोल-आल्ट-एल — लाल व्हायला पाहिजे — काळी ती काळीच! सकाळी तुमचा माणूस हा नवा कॉम्प्युटर ठेवून गेला, जुन्यातले माझे मॅक्रो यात टाकलेत म्हणाला, तेव्हापासून दाबतोय. पानभर दाबलं. जुन्यावर कसं, बोट टेकलं की रंग हजर. मीच बनवलेत ते मॅक्रो. आपण एकदा करून दाखवायचं, मशीन बघून ठेवतं, मग जन्मभर तसंच करतं — माझ्या पोराला एवढं जमलं असतं तर आज कलेक्टर असता.

आणि लाल नाही म्हणजे काम बंद. अर्ध्या नारायणगुड्याचे क्लासेस आमचे प्रश्नसंच वापरतात. बरोबर उत्तर लाल, त्याचं स्पष्टीकरण निळं — ही मास्तरांची प्रत. मग एक की दाबायची, सगळं काळं — ती पोरांची. लाल चुकलं की मास्तर चुकला, मास्तर चुकला की पोरगं गेलं. काय? माउसने करू? वरच्या पट्टीतून रंग निवडू तात्पुरता? नक्को. का म्हणजे — बरं, थांबा, तुम्ही पुण्याचे, तुम्हाला आमच्या हिम्मतरावाची गंमत सांगतो. माझा दोस्त. हेच काम करतो, दुसऱ्या ऑफिसात, सिकंदराबादला. टाइप करायला बसला की खाली चौकातला ट्रॅफिकवाला शिट्टी मारायची विसरून ऐकत राहतो, असा हात! हसू नका, डोकं आपटेल टेबलाला.

तर या हिम्मतरावाला खोकला झाला. ऑफिसात विचारलं लोकांनी, तर म्हणाला, एका शादीत बिर्याणी खाल्ली, अख्खी इलायची घशात गेली, ती निघेना. लोकांनी मानलं! मागचा पावसाळा संपला, हिवाळा गेला, इलायची तिथंच. कोणी म्हणालं गरम पाणी पी, कोणी म्हणालं उलटा झोप. आणि हा पठ्ठ्या गुपचूप लांबच्या दवाखान्यात जाऊन टीबीच्या गोळ्या घेतोय — लांबच्या का, तर जवळच्या रांगेत ओळखीचं कोणी भेटेल. बायकोला सांगितलं, ताकदीच्या आहेत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं — यातली एक गोळी एखाद्याच्या डोळ्यांना लागते. लाल रंग फिका दिसायला लागला की त्याच दिवशी या, आम्ही ती बंद करू. वेळेत आलात तर नजर परत येते, उशीर केलात तर सांगता येत नाही.

मग काय — एक दिवस कोठीच्या बाजारात टमाटे घ्यायला गेला आणि गाडीवाल्याशी भांडला, सगळे कच्चे कायकू देता म्हणून! गाडीवाला म्हणतो, चच्चा, लाल लाल तो हैं, चष्मा बदलो. घरी आला, बायकोनेही तीच पिशवी बघून म्हटलं, आज बरे पिकलेले आणलेत. तिथून कळलं. सिग्नलला आता तो वरचा दिवा की खालचा दिवा, एवढंच बघतो. आणि ऑफिसात — आता आलं का लक्षात? — रंगांची पट्टी उघडली की लाल, हिरवा, तपकिरी, सगळी एकाच चिखलाची ढेकळं. माउस कुठे नेणार? पण की! कीला डोळे लागतात कुठे? एल म्हणजे लाल, बोटाला पाठ आहे. कामात एक चूक नाही हो, मालक प्रतापराव स्वतः म्हणाले, सूर्यभान — आपलं ते, हिम्मतराव — हिम्मतरावासारखं काम कोणाचं नाही. लालचा असा काळपट, पानातल्या कत्थ्यासारखा डाग तरी दिसायचा, तेवढा पुरे होता.

डोळ्यांचं सांगायला जात का नाही दवाखान्यात? मीही विचारलं त्याला. म्हणाला, औषध बदललं की रोज या म्हणतील, रोज म्हणजे रजा, रजा म्हणजे डॉक्टरचा कागद, कागदावर रोगाचं नाव. आता याच्यापासून कोणाला होत नाही, असं बाई म्हणाल्यात. पण ते बाईंना माहीत, पँट्रीला कोण सांगणार? तुम्ही विमलाबाईंना बघितलंत ना मघाशी, चहाचा ट्रे घेऊन आल्या त्या — ज्याच्या हाताला जो कप लागेल तो त्याचा. हे तुम्हाला काहीच वाटणार नाही. आमच्या गावच्या हॉटेलात माझ्या आज्याची कपबशी बाहेर खुंटीला असायची, पिऊन झाली की स्वतः विसळून टांगायची. बाप तिथं चहाच प्यायला नाही कधी. मी इथं आलो, बावीस वर्षं या ट्रेमधला कुठलाही कप उचलतो. अन् आता कोणी म्हणायचं, सूर्यभानचा कप जरा बाजूला ठेवा — प्रेमाने म्हणतील हो, काळजीने म्हणतील — नाही. डोळे गेले तर गेले. म्हणजे हिम्मतराव असं म्हणाला. त्याचंही गाव आमच्याच बाजूला, नांदेडकडं.

झाल्या वायरी? या बाहेर, हल्लू, तो कोपरा लागतो. बघा, तुमच्यासमोर करतो. ही ओळ. कंट्रोल, आल्ट, एल. काळी! आहे की नाही? बोला ना. असे काय बघताय माझ्याकडे, स्क्रीनकडे बघा. काय?

कुठली लाल?

ही? आणि वरची? — पानभर? — थट्टा करू नका साहेब, मी तुमच्या बापाच्या वयाचा आहे. नवा स्क्रीन आहे, तुमचा उजेड कमी असेल, वाढवा जरा. वाढवा अजून. अजून. ... कत्थ्याचा डागसुद्धा नाही हो. कालपर्यंत होता. सकाळी गोळी घेतली तेव्हाही मनात म्हटलं, जुना स्क्रीनच अंधुक झालाय, नवा आला की दिसेल. आजचीही घेतली मी. पाण्याबरोबर, नेहमीसारखी —

नाही, खांद्यावर हात नका ठेवू. फोन कोणाला लावताय? ठेवा खाली. हिम्मतरावाची गोष्ट होती ती, संपली. तक्रार बंद करा तुमची. लिहा, कीबोर्डची की खराब होती, बदलून दिली. सही करतो मी, कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवा. झालं? निघा आता. दार ओढून घ्या.