लई गरीब माणूस

अरे, आमच्या गावात गरीब कोण, हे ग्रामसभेत कसं ठरलं ते सांगतो. घरकुलासाठी एकच नाव द्यायचं होतं. सरपंच म्हणाले, "भानुदासरावांचं लिहा. लई गरीब माणूस, कुणाला उलटून बोलत न्हाई."

मी म्हणलं, "पण जालन्याला एमआयडीसीत त्यांचं बियाण्याचं गोदाम हाये!"

"असू द्या की. स्वभाव गरीब हाये ना!"

तेवढ्यात मेंढ्या राखणारी कौसामावशी उठली. "माझ्या पत्र्यातून आभाळ दिसतं, सरपंच. मंग मी कोण?"

"मावशी, तुम्ही बिलकुल गरीब न्हाई. मागच्या सभेत पाण्यावरून मला केवढ्या शिव्या घातल्या!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी तणतणत निघाली, तसं सरपंचांनी मायेनं समजावलं, "सालभर तोंड सांभाळा, मंग तुम्हाला बी गरीब करू."