सूर्यमाळच्या चढावर तेलाचं पिंप

"संस्थान गेलं, सरकार आलं. आता सूर्यमाळच्या बायांचे पाणी शेंदायचे दिवस संपले," इंजिनाच्या मिस्त्रीने जव्हारच्या एसटीच्या रांगेत जाहीर केलं.

मागे सूर्यमाळचीच रखमी उभी होती. दोर ओढून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. तिने कान टवकारले.

"इंजिन विहिरीवर बसलं. तेलाचं पिंप तेवढं इथे अडलंय."

"वजन किती?" गाडीवान नवशाने विचारलं.

"पाच मण."

"माझी गाडी बारा मण ओढते. पण त्या चढावर पिंप सुटलं तर तुमच्याआधी जव्हारला परत येईल."

"मग रॉकेलच्या डब्यांत ओतू. अकरा डबे भरतील."

"एक डबा केवढा?" रखमीला राहवलं नाही.

"अर्ध्या मणाच्या आतच."

"म्हंजे हंडाच की. नवशादादा, चढावर गाडीत डबे हिंदकळून सांडतील, तू ते चढाखालीच उतरव. एक मी नेते, दहा बाया पाड्यातून आणते. उद्या पाणी येल ना?"

"उद्याच. फक्त एक करा, बाई. तापू नये म्हणून इंजिनाला आधी पाणी लागतं. सकाळी दहाएक हंडे शेंदून ठेवा."