ग्राफच्या मॉड्यूलपायी गेलेली सकाळ

खामगावच्या कॉलेजात मी नवीनच लागलो होतो, तवाची गोष्ट सांगतो. दुपारी पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा, अन् ग्राफ काढायचं मॉड्यूल काही इन्स्टॉल होऊन नाही राह्यलं. कॉम्प्युटर म्हणे, आधी दुसरी लायब्ररी, म्हणजे त्याले लागणारा जोडप्रोग्राम, टाका. ती टाकली, तर तिले तिसरी पायजे. तिसरी आणली, तर म्हणे व्हर्जन जुनं पायजे. जुनं टाकलं, अन् जे चालत होतं तेही बंद पडलं. मी डोक्याले हात लावून बसलो.

तवा लॅबच्या सुनंदाताई म्हणाल्या, "सर, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर हे सगळं डाउनलोड करून ठेवलेलं आहे. दरवर्षी तिथूनच टाकतो आपण."

"मंग सकाळपासून सांगितलं काऊन नाही, ताई?"

"तुम्ही मले विचारलं कुठं? तुम्ही तर त्या मशीनलेच विचारून राह्यले होते."