मुळ्ये सरांचा भांडणाचा वर्ग

काकू, आणि जमलेली सगळी मंडळी, मुळ्ये सरांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय खरा, पण शब्द सापडत नाहीत. दर आठवड्याला पेपरात लोकांची टर उडवणारा माणूस आज पहिल्याच वाक्याला अडलाय. सरांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "अच्छा है, आता हेच इंग्रजीत सांगा."

टावर चौकातल्या त्या माडीवर आपण इंग्रजी बोलायला शिकलो. शिकलो कसले, भांडलो. सरांकडे फळा नव्हता, पाठांतर नव्हतं. एकाला कंडक्टर करायचे, दुसऱ्याला प्रवासी, आणि म्हणायचे, "ह्याला देवास गेटला उतरायचंय, तो बस थांबवत नाहीये. चलो, भांडा." मग अदलाबदल. एरवी नाव सांगताना घाम फुटणारी माणसं भांडताना धडाधड बोलायची. रागात लाजायला वेळ कुणाला असतो?

नियम एकच. बोलणाऱ्याला मधे तोडून चूक काढायची नाही. जो काढेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. गोरे मास्तर, हसू नका. तुमचं व्याकरण पक्कं, म्हणून तर आम्हाला वर्षभर तुमच्या हातचा चहा मिळाला. एकदा तुम्ही वैतागून म्हणालात, "सर, चुकीचं ऐकायचं तरी किती?" सर म्हणाले, "मास्तर, ती पोरगी आज पहिल्यांदा तोंड उघडतेय. उघडू तर द्या."

ती पोरगी म्हणजे आपली सुनंदा. मागे खांबाला टेकून बसलीय. हल्ली नव्या नव्या कंपन्या येताहेत, आणि सगळ्यांना इंग्रजी बोलणारी माणसं हवीत. सोमवारी हिची इंदूरला मुलाखत आहे. घरच्यांनी बजावलंय, ही शेवटची, मग लग्नाचं बघायचं. या आठवड्यात सरावासाठी सर तिच्यासमोर खडूस साहेब होऊन बसणार होते. साहेबच निघून गेले. काल ती मला म्हणाली, "काका, रहने दो. मी नाही जात आता."

का म्हणून रहने दो? अख्खा वर्ग तर इथे बसलाय.

तेव्हा मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं सरांसाठी शांत राहू. पण नंतर कुणी चपला शोधायला जाऊ नका. खुर्च्या गोल मांडा. सुनंदा मधे बसेल आणि आपण एकेक जण साहेब होऊ. आडवंतिडवं विचारा, मोडकंतोडकं विचारा, पण विचारा. हे मी काकूंशी बोलूनच सांगतोय. पहिला प्रश्न त्या विचारणार आहेत.